मनःशांती कक्षाचे तळवडेकर सर

तळवडेकर सरांना आमच्या कॉलेजने विद्यार्थ्यांच्या मनःशांतीचं प्रमुख नेमलं, तेव्हा स्टाफरूममध्ये लगेच कुणी हसलं नाही. आधी बातमी खरी आहे की नाही ते बघायचं होतं. खरी निघाल्यावर सगळे हसले. सर मात्र खुर्चीच्या कडेवर बसून राहिले आणि म्हणाले, "माका ह्या जमाचा नाय."

एरवी सर चारचौघांसारखं बोलायचे. घाबरले की मालवणी यायची. त्यामुळे आमची अख्खी स्टाफरूम बऱ्यापैकी मालवणी शिकली होती.

आमचं कॉलेज मुलुंडचं. सर घाटकोपरच्या भटवाडीतून यायचे. वनस्पतिशास्त्र शिकवायचे. अंगाने बारीक, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि पिशवीत त्या दोन पेनांसाठी आणखी दोन. कुठल्याही सभागृहात शिरले की आधी बाहेर पडायचे दरवाजे बघून घ्यायचे आणि मग व्यासपीठाकडे नजर टाकायचे. नोकरीला लागल्यापासून ते रोज कॉलेजात पोचल्यावर घरी फोन करून गॅस बंद आहे का ते विचारत. पहिली काही वर्षं वहिनी उठून बघायच्या. मग न उठता सांगायला लागल्या. मोबाईल आल्यावर त्या सकाळीच मेसेज टाकून मोकळ्या व्हायच्या: "गॅस बंद आहे. नळ बंद आहे. मी घरीच आहे. आता शिकवा."

सरांचं प्रत्येक दुसरं वाक्य 'समजा'ने सुरू व्हायचं. स्टाफची सहल ठरली की, "समजा बस घाटात बंद पडली तर?" गॅदरिंगला प्रमुख पाहुणे ठरले की, "समजा आलेच नाहीत तर?" आणि ते येऊन दहा मिनिटं बोलले की, "समजा थांबलेच नाहीत तर?" पोरं त्यांना टेन्शन सर म्हणत. सरांना ते माहीत होतं. त्यांना फक्त एवढीच काळजी होती, की समजा प्राचार्यांच्या कानावर गेलं तर.

प्राचार्या मॅडमच्या कानावर ते केव्हाच गेलं होतं. नेमणुकीचं कारण अर्थात वेगळं होतं. कॉलेजला दर्जा द्यायला तपासणी समिती यायची होती, आणि समितीच्या अपेक्षांमध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी कक्ष होता. लॉकडाऊननंतरची मुलं पहिल्यांदाच कॉलेजात येत होती. अकरावी-बारावी मोबाईलवर झालेली, एकदम शंभर जणांच्या वर्गात येऊन बसलेली. काही रडायची, काही गायब व्हायची. खरा समुपदेशक नेमायचा तर पगार द्यावा लागला असता. तळवडेकर सरांना तो आधीच मिळत होता, आणि वनस्पतिशास्त्राला हल्ली मुलं नसल्यामुळे त्यांचे तास कमी भरत होते.

"मॅडम, मला स्वतःलाच रात्रीची झोप लागत नाही," सर म्हणाले.

"मग अनुभव आहेच की," मॅडम म्हणाल्या.

जिमखान्याच्या मागची सामान ठेवायची खोली रिकामी करून मनःशांती कक्ष झाला. क्रिकेटच्या पॅडांचा वास शेवटपर्यंत गेला नाही. भिंतीवर पिवळ्या हसऱ्या चेहऱ्यांचं पोस्टर, कोपऱ्यात मऊ बीन बॅग. सर त्या बॅगेवर एकदाच बसले. उठता येईना म्हणून घाबरले आणि मग कायम लाकडी खुर्ची वापरू लागले. उद्घाटनाला समई होती. समईशेजारी सरांनी भरलेली बादली ठेवली होती. मॅडमनी फोटोत ती येणार नाही असं बघितलं.

कक्षात एक महिला सदस्य असावी असा नियम होता, म्हणून माझं नाव घातलं. मी अर्थशास्त्र शिकवते. माझं काम कोपऱ्यात बसून पेपर तपासण्याचं, म्हणजे खोलीत महिला आहे हे सिद्ध होईल एवढंच. त्यामुळे पुढचं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं.

पहिले काही दिवस कुणी फिरकलं नाही. मग भांडुपचा ओंकार आला. एफवायला, म्हणजे पहिल्या वर्षाला होता, अकाउंट्सच्या पहिल्या चाचणीला बसायची हिंमत होत नव्हती. सरांनी त्याला दीर्घ श्वास वगैरे काही सांगितलं नाही. त्यांना जे येत होतं तेच त्यांनी केलं.

"समजा, नापास झालास. मग?"

"घरी ओरडतील, सर."

"समजा, ओरडले. मग?"

"पप्पा बोलणार नाहीत."

"किती दिवस?"

ओंकार विचारात पडला. "तसे ते एरवी पण जास्त बोलत नाहीत."

"मग?"

"मम्मी जेवायला देणार नाही." मग त्याचं त्यालाच ते पटलं नाही. "नाही, देईल. टोमणे मारून देईल."

"म्हणजे समजा, अगदीच वाट लागली, तर टोमणे आणि जेवण."

ओंकार हसला. त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला कोपऱ्यातून दिसलं. तो उठून दारापर्यंत गेला आणि तेवढ्यात सरांना राहवलं नाही. "पण रे," ते म्हणाले, "समजा, खरंच दिलं नाही तर?" आणि त्यांनी स्वतःचा डबा त्याच्या हातात ठेवला. ओंकारला सरांना समजवत बसावं लागलं, की सर, मम्मी तशी नाहीये, खरंच नाहीये. बाहेर पडला तेव्हा तो एकदम मोठ्या माणसासारखा चालत होता.

हे पुढे नेहमीचंच झालं. मुलं घाबरून यायची आणि सरांना धीर देऊन जायची. हे शास्त्रशुद्ध होतं का, मला माहीत नाही. पण बाहेरच्या बाकावर रांग दिसू लागली.

मॅडमना एवढ्यावर समाधान नव्हतं. समितीला दाखवायला कार्यक्रम हवा होता. त्यांनी बोरिवलीहून एक जीवन-मार्गदर्शक बोलावले. कानाला माईक, पायात पांढरे बूट. त्यांनी एफवायच्या सगळ्या मुलांना, फाटकाबाहेर बसणाऱ्यांनासुद्धा, हॉलमध्ये बसवून एकेक फुगा दिला. फुग्यावर आपली भीती लिहायची आणि सगळ्यांनी मिळून फोडायची. "भीती म्हणजे नुसती हवा असते," ते म्हणाले. "एक टाचणी, आणि संपली."

हॉलला पत्र्याचं छप्पर. दीडेकशे फुगे फुटू लागले तेव्हा शेजारच्या बिल्डिंगमधले लोक खिडक्यांत आले. पहिल्या आवाजाला तळवडेकर सर उभे राहिले आणि तिसऱ्याला हॉलच्या बाहेर होते. मी दारावर ड्यूटीला होते, त्यांच्यामागे गेले. जिन्यात एक मुलगी बसली होती. भिंतीला पाठ लावून, हातात लाल फुगा धरून.

सर तिच्यापासून चार पायऱ्यांवर थांबले.

"फोडणार नाहीस ना?"

"नाही, सर."

"मग बसू?"

ती सरकली. दोघं शेजारी बसून आतले आवाज संपायची वाट बघत राहिली. फुग्यावर तिने पेनने लिहिलं होतं: हा हॉल.

तिचं नाव प्रणाली. मानखुर्दला राहायची, दोन बस बदलून यायची. वडील लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला होते. घरात कॉलेजात जाणारी ती पहिलीच. बारावीला चांगले मार्क मिळाले म्हणून गल्लीच्या तोंडावर फ्लेक्स लागला होता. त्यावर एका भावी नगरसेवकाचा कमरेपर्यंतचा फोटो, त्याच्या आजूबाजूला त्याचे बारा कार्यकर्ते, आणि खाली कोपऱ्यात पासपोर्ट आकारात प्रणाली. 'मानखुर्दची शान'. सकाळी ती त्या शानखालून घराबाहेर पडायची, मुलुंडला यायची, आणि वर्गात न जाता कॉलेजसमोरच्या बस स्टॉपवर बसून संध्याकाळी परत जायची.

हे तिने कक्षात येऊन सांगितलं, फुग्यांच्या दुसऱ्या दिवशी.

"वर्गात गेल्यावर काय होतं?" सरांनी विचारलं.

"छातीत धडधडतं. हात गार पडतात. वाटतं, सगळे माझ्याकडेच बघतायत. कुणीच बघत नसतं, ते पण कळतं. तरी वाटतं."

"बारावीपर्यंत व्हायचं?"

"अकरावी-बारावी मोबाईलवरच होती ना, सर. कॅमेरा बंद ठेवायचा."

सर पेनाचं टोपण काढत-घालत बसले. मला वाटलं, आता 'समजा' येणार. पण ते म्हणाले, "स्टॉपवर ऊन लागत असेल. मी राणीच्या बागेत बसायचो."

तेव्हा आम्हाला कळलं. सरांचे वडील गिरणीत होते, घर लालबागला. सर शहरातल्या मोठ्या कॉलेजात गेले, तिथे मुलं इंग्रजीत हसायची, असं सर म्हणाले. पहिल्या दिवशी ते फाटकातून परत फिरले. घरी सांगायची सोय नव्हती, कारण वडिलांनी गिरणीतल्या त्यांच्या खात्यात पेढे वाटले होते. मग अख्खं पहिलं सत्र त्यांनी राणीच्या बागेत काढलं. प्राण्यांची भीती वाटायची म्हणून झाडांच्या बाजूला बसायचे. झाडांना पाट्या असतात, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून त्या वाचायचे. परीक्षेला तरी बसायलाच हवं म्हणून बसले. बाकी सगळीकडे काठावर, वनस्पतिशास्त्रात वर्गात पहिले.

"मी झाडांच्या आवडीने या विषयात आलो असं मॅडमना सांगितलंय," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "तुम्ही काही बोलू नका."

"मग भीती गेली, सर?" प्रणालीने विचारलं.

"नाय गो. आता तीच पगार घेते."

ती हसली नाही, पण दुसऱ्या दिवशी परत आली. सरांनी तिला काही उपदेश केला नाही. ते नुसते तिच्याबरोबर वर्गाच्या बाजूने चालत गेले आणि परत आले. असं काही दिवस. मग दारात उभे राहिले. मग एका सोमवारी मी एफवायला मागणी-पुरवठा शिकवत असताना मागचं दार उघडलं आणि प्रणाली आत येऊन शेवटच्या बाकावर बसली. तिच्या शेजारी तळवडेकर सर.

वर्ग वळून बघू लागला. पण प्रणालीकडे कोण बघतो? पांढऱ्या केसांचे टेन्शन सर वही उघडून बसलेत, हे बघण्यासारखं होतं. मी शिकवत राहिले. बँकांवर आले आणि मागून हात वर झाला.

"मॅडम, समजा सगळ्यांनी एकाच दिवशी पैसे काढायला रांग लावली तर?"

वर्ग हसला. मी सांगितलं, की सर, तसं झालं तर बँक बुडेल.

"मग आपण इतके शांत कसे बसलोय?" सर म्हणाले, आणि ते गंमत करत नव्हते.

त्या दिवसापासून माझ्या लेक्चरला हजेरी वाढली. इतक्या वर्षांत माझ्या शिकवण्यामुळे जे झालं नव्हतं, ते सरांच्या शंकांमुळे झालं. पोरं त्यांच्या आजूबाजूच्या जागा पकडायला लागली. त्या गर्दीत प्रणाली कधी त्यांच्यातली एक झाली, कुणाच्या लक्षात आलं नाही, तिच्याही नसावं. एक दिवस सर आलेच नाहीत, दाढ दुखत होती. ती आली होती.

एवढं होईपर्यंत सत्र संपत आलं, आणि ऑफिसने तिचं हॉल तिकीट अडवलं. हजेरी कमी. सर ऑफिसात गेले, सोबत मी. हजेरीत सूट मागायच्या अर्जावर कारणं छापलेली होती. आजारपण, अपघात, घरातील मृत्यू, एनसीसी शिबिर.

"भीती यात कुठे बसते?" सरांनी क्लार्कला विचारलं.

"भीती नाही बसत, सर." क्लार्क चांगला माणूस होता, त्याने आवाज खाली आणला. "डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा ना. कावीळ चालते. सगळे कावीळच आणतात."

"पण समजा, कुणी तिचे डोळे बघितले तर?"

मॅडमकडे गेलो. त्या समितीच्या तयारीत होत्या. नियम म्हणजे नियम, त्या म्हणाल्या, एका मुलीसाठी वाकवला तर उद्या सगळेच घाबरायला लागतील. मग त्यांनी सरांना समितीपुढे काय बोलायचं ते लिहून दिलं. त्यासाठी आकडेवारीही तयार होती. मुलांना दोन फॉर्म दिले होते, 'कक्षात येण्यापूर्वी' आणि 'कक्षात आल्यानंतर', आणि प्रत्येकावर रडक्या ते हसऱ्या चेहऱ्यांची ओळ. दोन्ही फॉर्म एकाच तासाला भरून घेतले होते. पहिल्यात रडका, दुसऱ्यात हसरा, असं मॉनिटरने फळ्यावर लिहूनच दिलं होतं. सुधारणा घसघशीत होती.

प्रणालीने त्या दिवशी कक्षात येऊन सांगितलं, की राहू दे सर, मी सोडते कॉलेज. पप्पांना काहीतरी सांगेन. तिचा आवाज शांत होता. ते बघून सर जास्त घाबरले. इतके दिवस ती घाबरलेली असताना त्यांना तिच्याबद्दल एवढी धास्ती वाटली नव्हती.

समिती आली. गुलाबपाणी, फेटे, ढोल-ताशा. सभागृहात एकेक विभागप्रमुख उभा राहून पाठ केलेलं म्हणू लागला. समितीचे अध्यक्ष वयस्कर होते, जेवण जड झालं होतं, डोळे मिटत होते. सरांची पाळी आली. ते उभे राहिले आणि पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली.

"तुमच्या कक्षामुळे किती विद्यार्थ्यांची चिंता गेली?" अध्यक्षांनी विचारलं.

मॅडम हसऱ्या चेहऱ्याने सरांकडे बघत होत्या. सरांच्या खिशात कागद होता. त्यांनी तो काढला नाही.

"एकाचीही नाही," ते म्हणाले.

अध्यक्षांचे डोळे उघडले. मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, त्याला जायला जागा सापडेना.

"मग कक्ष करतो काय?"

"सोबत बसतो, सर." सरांनी धरलेली खुर्ची हलत होती. तिच्यावर हिंदीचे विभागप्रमुख बसले होते, ते बिचारे घट्ट धरून बसले. "एक मुलगी वर्गात येत नव्हती, आता यायला लागली. आता कॉलेज तिला परीक्षेला बसू देत नाही. तिला कावीळ झाली असती, तर चाललं असतं. ती नुसती घाबरली होती, म्हणून चालत नाही. माका एवढाच सांगूचा होता."

समितीतल्या एक बाई हसल्या आणि मग कुणीच हसत नाही म्हणून थांबल्या. अध्यक्षांनी मॅडमकडे बघितलं.

मॅडम प्राचार्या उगाच झाल्या नव्हत्या. "अशा विद्यार्थ्यांना हजेरीत सूट देण्याचं धोरण आपण आणलेलं आहे," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"आजपासून."

संध्याकाळी सर कक्षात पाणी पीत बसले होते. "मॅडम," ते मला म्हणाले, "समजा, मला काढलं तर?"

"सर, तुम्ही पुढच्या वर्षी रिटायर होताय."

"त्याच्या आधी काढलं तर?"

कुणी काढलं नाही. कॉलेजला चांगला दर्जा मिळाला आणि अहवालात 'चिंताग्रस्त विद्यार्थ्यांबाबत संवेदनशील धोरण' असा खास उल्लेख आला. प्राचार्या मॅडम त्या धोरणावर ठिकठिकाणी भाषणं देऊ लागल्या. अंधेरीच्या एका परिषदेत त्यांना त्याबद्दल शाल मिळाली. अर्जावर मात्र नवीन कारण छापलं गेलं नाही, जुने अर्ज बरेच शिल्लक होते. क्लार्क 'आजारपण'वर काट मारून पेनने 'भीती' लिहून द्यायचा.

प्रणाली परीक्षेला बसली. माझ्या विषयात ती नापास झाली, केटी लागली, बाकी सगळ्यात पास. केटी लागल्याचं तिने घरी स्वतः सांगितलं. वडील रागावले, मग म्हणाले, लिफ्टपण अडकतेच की मधल्या मजल्यावर. तोवर गल्लीतल्या फ्लेक्सवर भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढला होता. आपण त्याच्याखाली गेलो याचं तिला फार बरं वाटलं. पुढच्या सत्रात तिने केटी सोडवली. हात अजून गार पडतात, ती मला म्हणाली, पण लेक्चर सुरू झालं की विसरायला होतं.

सर वेळेवर रिटायर झाले. निरोपसमारंभात हारतुरे झाले, आणि मॅडमनी 'मनःशांतीचा दीपस्तंभ' असा त्यांचा गौरव केला. कक्षाचं प्रमुखपद फिजिक्सच्या एका तरुण प्राध्यापकाकडे गेलं. तो मुलांना फोनवर ध्यानाचं अॅप टाकून देतो. बाहेरची रांग संपली, म्हणजे मुलांची चिंता गेली, असं अहवालात आहे.

त्यानंतर सर मला एकदाच दिसले. पेपर तपासणीच्या कामाला मी वाकोल्याजवळ विद्यापीठाच्या आवारात गेले होते. नवीन वर्ष सुरू होत होतं. ओळखपत्राच्या खिडकीपाशी मोठी रांग होती, सगळी विशीतली पोरं-पोरी. त्या रांगेत मध्येच तळवडेकर सर. खांद्याला नवी कोरी सॅक, हातात प्रवेशाची पावती. कपाळावर घाम. मी हाक मारणार होते, पण त्यांची पाळी आली.

खिडकीतल्या माणसाने मान वर केली नाही. "पालकांनी लाईनीत उभं राहायचं नाही. पाल्याला पाठवा."

"पाल्य मीच आहे," सर म्हणाले.

आता त्याने बघितलं. पावती उलटसुलट केली. "एमए मानसशास्त्र? तुम्ही?"

"हो. समजा, चालत नसेल तर..."

"चालतं, काका. बसा तिकडे स्टुलावर. कॅमेऱ्याकडे बघा."

मागची एक मुलगी पुढे झाली आणि तिने त्यांच्या खांद्यावरची सॅक उतरवून घेतली. सर स्टुलावर बसले. शर्टाची कॉलर नीट केली आणि कॅमेऱ्याकडे बघितलं.

आतला माणूस थांबला. "काका," तो म्हणाला, "एवढं हसू नका. ओळखपत्राचा फोटो आहे."